उभं यंत्र

पोटचा पोर असला म्हणून काय झालं, तिमिशचं एक वागणं ओदार्काला जन्मात पटलं नाही. त्याला उभं यंत्र बघवत नसे. लढाई पेटली आणि बायको दोन्ही पोरींना घेऊन पोलंडला निघाली, त्या सकाळी हा गृहस्थ एका पंपाखाली उताणा पडला होता. तिने दोनदा हाक मारली, तर आतूनच म्हणाला, "हो हो, पोचलात की कळवा." माणसांच्या बाबतीत हे असं. पण आवारात एखादं यंत्र बंद पडून उभं राहिलं की याच्या घशाखाली घास उतरत नसे. अर्ध्या जेवणातून उठायचा, आणि बीटाचा रस्सा थाळीत गार होऊन त्यावर चरबीची साय धरायची.

"बापाचा गुण," ओदार्का शेजारणींना सांगायची. "तोही असलाच. ट्रॅक्टरच्या सीटवर गेला, आणि तो गेला तरी इंजिन चालूच. बंद कुणी केलं? मी. यांच्या घरातली इंजिनं बंद करण्यात माझा जन्म गेला."

वर्बिव्का गावाबाहेरच्या त्या आवारात पूर्वी सामूहिक शेतीची यंत्रं असत. तिथल्या सामानघराची किल्ली ओदार्काने एकतीस वर्षं कमरेला बाळगली. शाळा चार इयत्ता, तीही हिवाळ्यापुरती. पण नट हातात घेतला की तो कुठल्या यंत्राच्या कुठल्या कोपऱ्यातला हे तिची बोटं सांगायची, आणि एकतीस वर्षांत ठेवलेली वस्तू सापडली नाही असं एकदाही झालं नाही. त्याचा तिला ताठा होता, आणि ती तो लपवत नसे.

लढाई आली, सैन्याने आवार घेतलं, तिमिशच्या अंगावर वर्दी चढली, आणि ट्रॅक्टरांच्या जागी रणगाडे येऊन उभे राहिले. तेही एका आईचे नव्हेत. कुणाकुणाच्या गोदामात तीस-तीस वर्षं धूळ खात पडलेले, दान म्हणून आलेले. सांगाडा जर्मन, तोफ इंग्रजी घडणीची, मशीनगन तिसऱ्याच देशाची, वायरलेस चौथ्याचा. "आपलं त्यात काय?" असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा वेल्डर होर्दी म्हणाला, "चिखल आणि पोरं."

सामान यायचं ते खोक्यांतून, खोक्यांवर पाच भाषा. नवा कारकून आठवड्यात रडकुंडीला आला. मग एका सकाळी ओदार्का कुणाला न विचारता आली आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसली. कॅप्टन झोरियान तेव्हा नुकताच आला होता, वय जेमतेम तिशीचं. तो म्हणाला, "मावशी, ही लष्करी जागा आहे."

"असेल. खुर्ची माझी आहे."

त्याने थट्टेने तीन बोल्ट तिच्या पुढ्यात टाकले. तिने ते न बघता चाचपले. "हा तोफेचा, इंचाच्या मापाचा. हा सांगाड्याचा, मिलीमीटरचा. आणि हा तिसरा कुणा गाढवाने इंचाच्या जागी मिलीमीटरचा ठोकून बसवलाय, आटे मेलेत त्याचे. तुमच्यातलाच असणार." कॅप्टनने सलाम ठोकला. तेव्हापासून सामानघर तिचं, आणि दुपारचा स्वयंपाकही तिचाच, कारण ही माणसं डब्यातलं खाऊन पोट बिघडवून घेतात हे तिला बघवेना.

सप्टेंबर संपता संपता यारेमाचा रणगाडा ओढत आणला.

यारेमा तिचा नातू, मेलांका नावाच्या लेकीचा मुलगा. मेलांका तो सहा वर्षांचा असताना गेली, बाप त्याआधीच कुठे परागंदा झालेला. ओदार्कानेच त्याला वाढवलं. आता चोवीस वर्षांचा, तोफेचा नेमबाज. सहा आठवडे परदेशात जाऊन हे जर्मन गाडं शिकून आला होता. गाड्याला गोळा लागला नव्हता, पण तोफेचा वरचा घुमट फिरेना. आतल्या पंपाची तीन ऑइलसीलं, तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, गेली होती आणि तेल नेमबाजाच्या मांडीवर गळत होतं. यारेमा उतरला तो गुडघ्यापर्यंत तेलाने माखलेला.

"आजी, परदेशी तेलाने आंघोळ केली, आता माझं लग्न जमेल का?"

"मेल्या, आधी ती विजार काढ! माझ्या ओसरीवर असला येऊ नकोस."

तिमिशने आधी इथलंच रबर कापून सीलं केली. पहिल्या दिवशी घुमट वेलावरच्या भोपळ्यासारखा अलगद फिरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गळती. उघडून बघतो तर ते परकं तेल आपल्या रबराला खात होतं. भिजलेल्या पावासारखं फुगून रबराचा लगदा झाला होता. त्याने तीन वेळा केली, तीन वेळा फुगली. म्हणजे सीलं तिकडूनच यायला हवीत. मागणी गेली. उत्तर आलं, वाट पाहा.

ते वाट पाहण्याचे पाच आठवडे म्हणजे ओदार्काच्या म्हातारपणातला सण होता. गाडं उभं, म्हणून यारेमा गावात. सकाळी आवारात हात काळे करायचा, दुपारी तिच्या हातचं जेवायचा, संध्याकाळी तिच्यासाठी लाकडं फोडायचा. गालावर मांस आलं. झोपेत ओरडायचा तो थांबला. ती समोर बसून त्याला जेवताना बघायची, आणि तो म्हणायचा, "अशी काय बघतेस? मी काय डुक्कर आहे, नाताळला कापायला पोसलेला?"

"डुकराला अक्कल असते. ते ताटात उरवत नाही."

एका दुपारी तिने तिमिशला एकट्याला गाठलं. तो नटबोल्टांचे पाने पुसून ओळीने लावत होता.

"ते यारेमाचं गाडं," ती म्हणाली. "जरा सावकाश घे."

"सीलं नाहीत, आई. याहून सावकाश काय घेऊ?"

"सीलं आल्यावर म्हणते मी. आणखी एखादी खोट काढ त्यात. बर्फ पडू दे, हिवाळा जाऊ दे. तोवर वरचे लोक काहीतरी तह-बिह करतील."

तिमिशने हातातला पाना खाली ठेवला. "त्याच्या तुकडीत चार रणगाडे होते. दोनच चालू उरलेत. त्या दोघांवर चौघांचं ओझं आहे. त्यांच्यातही कुणाची नातवंडं बसलीत."

"त्यांच्या आज्या मेल्यात का? त्यांनी बघावं त्यांचं."

"आई!"

"आई-बिई नको. मेलांकाने जाताना हात कुणाचा धरला होता? माझा नाही, तुझा. मामा म्हणून तुझ्या पदरात टाकलं होतं पोर."

"म्हणून तर त्याचा घुमट नीट फिरला पाहिजे," तिमिश म्हणाला. "घुमट फिरतो त्या गाडीतला माणूस परत येतो. ज्याचा फिरत नाही..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि पाना उचलला. "आणि मला उभं यंत्र बघवत नाही. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. म्हणूनच ती सामानघराकडे वळली. जे मनात होतं ते मात्र तिथेच पक्कं झालं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पनास ट्रक घेऊन आला. पनास म्हणजे सामान पोचवणारा, बडबड्या, विसराळू, कायम घाईत. तिमिश त्या दिवशी दोन गावं पलीकडे चिखलात रुतलेलं एक गाडं काढायला गेला होता. पनासने सात खोकी उतरवली, तिच्या हातचे बटाटे भरलेले मोदकासारखे उंडे उभ्या उभ्या खाल्ले आणि निघून गेला. ओदार्काने खोकी उघडली. पाचव्यात, गॅस्केटांच्या खाली, तेलकट कागदाचं एक चपटं पाकीट होतं. आत तीन रिंगा. निळ्या, गुळगुळीत, रश्श्याच्या वाडग्याच्या तोंडाएवढ्या.

तिला वाचायची गरज नव्हती. तिने पाकीट एप्रनच्या खिशात घातलं, वर हात ठेवला आणि बाकीची खोकी लावून टाकली.

तिचा हिशेब साधा होता, आणि तो तिने आवारातच शिकला होता. एकतीस वर्षांत तिने एवढंच पाहिलं होतं की कापणीयंत्र बंद पडलं की त्याचा चालक सावलीत आडवा होतो. जो ज्या यंत्रावर, तो त्याच यंत्रावर. दुसऱ्याच्या यंत्रावर कुणी चढत नसे, चढू दिलंही जात नसे. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. यंत्र उभं तर माणूस उभा. गाडं उभं राहील तोवर यारेमा लाकडं फोडील.

घरी येऊन तिने जागा शोधली. चुलीजवळ नको, ऊब लागली की रबर तडकतं. खिडकीत नको, उजेड त्याला मारतो. तळघर बरं. थंड, काळोखी, कोरडं. घेवड्याची तीन लिटरची बरणी निम्मी रिकामी करून तिने पाकीट आत उभं बसवलं आणि वरून पुन्हा दाणे ओतले. चोरी करत होती, पण माल मात्र जसा ठेवायला हवा तसाच ठेवला.

पुढच्या दहा दिवसांत तिमिशने फोनवर फोन केले. तिकडचे म्हणाले, पाठवलंय. मग त्याने पनासला धरलं. सगळ्यांसमोर, आवाराच्या मधोमध.

"कुठे सांडलंस? बोल! एक पाकीट सांभाळता येत नाही तुला?"

"तिमिशदादा, आईची शपथ, सात खोकी होती, सात दिली..."

"तुझ्या शपथेने घुमट फिरतो का?"

पनासचे कान लाल झाले. त्याने मदतीसाठी सामानघराच्या दाराकडे पाहिलं. ओदार्का दारातच उभी होती. ती म्हणाली, "विसराळूच आहे मेला," आणि आत गेली. त्या दिवशी तिने त्याला दोन उंडे जास्त वाढले. पनासने ते खाल्ले नाहीत.

नोव्हेंबर अर्धा उलटला त्या दुपारी सगळे लांब टेबलावर जेवायला बसले होते आणि कॅप्टन झोरियान टोपी हातात घेऊन आत आला. बसला नाही.

"यारेमा, शेजारच्या तुकडीतला नेमबाज काविळीने पडलाय. त्यांना उद्या सकाळी माणूस हवा. तू मोकळाच आहेस."

"मोकळा?" ओदार्काच्या तोंडून गेलं. "त्याचं गाडं इथे उभं आहे."

"तेच म्हणतोय, मावशी. गाडं उभं आहे, म्हणून माणूस मोकळा."

तिच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली.

तिमिश म्हणाला, "त्यांचं गाडं निराळं आहे. जुन्या रशियन जातीचं. हा जर्मनवर शिकलाय."

"पहिल्या वर्षी मी त्या जातीतच होतो, मामा. सगळं विसरलो नाहीये."

"त्यात होतास तेव्हा ते एका देशाचं तरी होतं," होर्दी पाव मोडत म्हणाला. "मी वेल्डिंग केलंय त्याला. सांगाडा एकाचा, दुर्बीण दुसऱ्याची, गोळे तिसऱ्याचे. तीन देश एका गाडीत बसलेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत. नेम धरशील कोंबड्यावर आणि लागेल चर्चच्या घंटेला. त्यांचा जुना गडी नेम टिचकीभर खाली धरायचा, ते त्यालाच ठाऊक."

"त्याला फोन करून विचारीन, किती टिचकी." यारेमा हसला. मग कॅप्टनला म्हणाला, "किती दिवस?"

"चार. फार तर पाच."

ओदार्काच्या डोळ्यांपुढे तळघर होतं, पायऱ्या होत्या, बरणी होती. आत्ता जाऊन आणलं तर? सीलं बसवायला दोन दिवस. कॅप्टनला माणूस उद्या हवा. मग उपयोग काय? उलट तिमिशलाच धरतील, सामान त्याच्या जबाबदारीतलं. आणि सगळ्यांसमोर, या टेबलावर, पनासच्या देखत तिने काय सांगायचं? एकतीस वर्षं. चार दिवस तर आहेत. चार दिवस त्या गाडीत, आणि मग अख्खा हिवाळा घरी.

दोन दिवस थांबता का, एवढं तिला कॅप्टनला विचारता आलं असतं. एकाहत्तर वर्षांत जी जीभ कुणापुढे अडली नव्हती, ती तेव्हा अडली. तिने पळी रश्श्यात घातली आणि यारेमाला आणखी वाढलं.

सकाळी तो निघाला तेव्हा तिने प्रथेप्रमाणे पाव आणि मीठ दिलं. त्याने तुकडा मोडला, मिठात बुडवला.

"चार दिवस, आजी. लाकडं फोडून ठेवलीत आठवडाभराची."

"जा मेल्या, उशीर होतोय," ती म्हणाली. ती नेहमी तसंच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी गेला. झाडांच्या रांगेमागून शत्रूच्या रणगाड्याशी आमनेसामने गाठ पडली. पहिला गोळा यारेमाने मारला. तो वरून गेला. दुसरा मारायला वेळ मिळाला नाही. त्या जातीच्या गाडीत गोळे माणसांच्या पायाखाली रचलेले असतात. एवढंच कॅप्टनने सांगितलं, जमिनीकडे बघत. शवपेटी बंद आली आणि हलकी होती. चौघांनी उचलली, पण दोघेही पुरले असते. ओदार्काने ते पाहिलं आणि ती रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, म्हातारीचं काळीज दगडाचं.

नवव्या दिवशी रीतीप्रमाणे जेवण घातलं. मधातले गहू, मासे, घेवड्याचं कालवण. सगळं आवार जेवायला येणार होतं. ओदार्का पहाटेपासून चुलीपाशी होती. होर्दी टेबलं जोडत होता, शेजारीण कांदा चिरत होती. घेवडा कमी पडेल असं वाटलं तेव्हा ती मागे न वळताच म्हणाली, "तिमिश, खालून घेवड्याची बरणी घेऊन ये. पायऱ्यांजवळची."

तोंडातून शब्द गेले आणि कांद्याची सुरी चालत राहिली, रस्सा उकळत राहिला. जन्मात पहिल्यांदा ओदार्का ठेवलेली वस्तू कुठे ठेवली ते विसरली होती. आठवलं तेव्हा तिमिश पायऱ्या चढून वर येत होता.

त्याने बरणी टेबलावर ठेवली. बरणी हलली तसे दाणे बाजूला सरले होते, आणि काचेला तेलकट कागदाचा कोपरा चिकटला होता. कागदातून निळं दिसत होतं.

"हे काय?" होर्दी वाकून म्हणाला.

तिमिशने बरणीत हात घातला, पाकीट काढलं, एप्रनला पुसावं तसं स्वतःच्या काळ्या सदऱ्याला पुसलं. आईकडे पाहिलं नाही.

"सीलं. जुन्या पट्ट्यांच्या ढिगात सापडली मला, यारेमा इथे असतानाच. उंदरांपासून सांभाळायला मीच ठेवली होती यात. विसरून गेलो."

"विसरलास? तू?"

"माणूस विसरतो," तिमिश म्हणाला आणि पाकीट घेऊन बाहेर पडला. भाच्याच्या नवव्याचं जेवण तो जेवला नाही. सगळे मधातल्या गव्हाचा पहिला घास घेत होते तेव्हा आवारातून पान्याचा आवाज येऊ लागला.

त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलेना. भांडला असता, थाळी भिरकावली असती, तर तिने ते उचलून धरलं असतं, दोन शब्द परतही दिले असते. तसं काहीच नाही. सकाळी जायचा, आवारातच परदेशी डब्यातलं काहीतरी बोटांनी खायचा, तिथेच आडवा व्हायचा. कॅप्टनने विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं, माझ्या हातून राहून गेलं. कॅप्टनने त्याला लेखी ताकीद दिली. आवारातल्या माणसांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं, कारण ज्याच्या भाच्याचं गाडं त्याच्याच विसरण्याने उभं राहिलं अशा माणसाशी काय बोलायचं, ते कुणालाच कळेना. फक्त पनास एकदा येऊन त्याच्याजवळ बसला आणि सिगारेट देऊन गेला. हे सगळं ओदार्का सामानघराच्या दारातून बघत होती. बोल्ट बोटांत घेत होती. पहिल्यांदाच इंच कुठला आणि मिलीमीटर कुठला, ते तिला दोनदा चाचपावं लागत होतं.

तिसऱ्या दिवशी घुमट फिरला. पूर्ण गोल, अलगद, थेंबभर तेल न सांडता.

सहाव्या दिवशी नवे चौघे आले. त्यांच्यातला नेमबाज झेनोन म्हणून एक होता, लुत्स्ककडचा, शाळेत भूगोल शिकवणारा, जाड चष्म्याचा. ओदार्काने पाव आणि मीठ पुढे केलं. मीठ सांडलं.

"मावशी, खरं का हो?" झेनोन तुकडा मोडत म्हणाला. "म्हणतात, हे गाडं नशिबाचं आहे. अख्खा शरद ऋतू इथे उभं होतं, एक ओरखडा नाही. यातला एकही माणूस यात गेला नाही म्हणे."

"यात नाही गेला," ओदार्का म्हणाली.

"घरी आई आहे माझी. तिला तेवढंच कळवतो."

तिला त्याला 'मेल्या' म्हणायचं होतं. ती सगळ्यांनाच म्हणायची. तो शब्द ओठांपर्यंत आला, आणि तिने तो दातांखाली धरून ठेवला, गाडं फाटकाबाहेर जाईपर्यंत. धूर गेला, चिखलात पट्ट्यांच्या दोन रेषा उरल्या. आवारातली ती जागा रिकामी झाली. जमिनीवर तेलाचा जुना काळा डाग तेवढा होता.

तिमिश पिंपापाशी वाळूने हात घासत होता. ती तिथे गेली आणि त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बोल," ती म्हणाली.

तो हात घासत राहिला.

"पनासला बोललास तसं बोल मला. या सगळ्यांना हाक मारून बोल. कॅप्टनला सांग जा, म्हातारीने चोरलं. कोठडीत टाकू देत."

"तुला कोठडीत टाकून यारेमा येणार आहे का?" सहा दिवसांत त्याचा हा पहिला शब्द. आवाज गंजलेला.

"मग माझं पाप तुझ्या डोक्यावर कशाला घेतलंस? तुला कुणी सांगितलं होतं? ते लोक तुला तोंड दाखवत नाहीत, आणि मी तिथे खुर्चीत बसते, मला मावशी-मावशी करतात. ही दया आहे का तुझी?"

"दया नाही," तिमिश म्हणाला. "मला सुचलं नाही दुसरं काही." त्याने हात झटकले. "तू मागितलं होतंस माझ्याकडे. सावकाश घे म्हणाली होतीस. मी हो म्हटलं असतं तर त्याला मी इथे कामाला लावून घेतला असता, कागदोपत्री. कॅप्टन ऐकला असता. ते मला येत होतं. मी केलं नाही." तो तिच्या बाजूने जायला निघाला. "जाऊ दे, आई. आत जा. थंडी आहे."

"जाऊ दे?"

तो थांबला, पण वळला नाही. होर्दी आणि आणखी दोघे शेडच्या दारात आले होते. ओदार्काने त्यांना पाहिलं आणि आवाज कमी केला नाही. कमरेची किल्ली सोडून तिने त्या तेलाच्या डागावर टाकली.

"सीलं मी चोरली होती, ऐकलंत का रे! घेवड्यात मी ठेवली होती, याने नाही. कॅप्टन आला की पुन्हा सांगेन." मग ती मुलाकडे वळली. "आणि तू. जन्मभर ऐकवत आलास, मला उभं यंत्र बघवत नाही, उभं यंत्र बघवत नाही. बायको गेली तरी पंपाखालून निघाला नाहीस. मग मला कशी उभी केलीस? सहा दिवस, ना उघडलंस, ना ठोकलंस, ना भंगारात टाकलंस. परक्यांनी टाकून दिलेलं लोखंड तू रात्रंदिवस खपून चालतं केलंस, आणि घरचं माणूस मोडलं तर त्यावर ताडपत्री टाकून निघालास. यारेमाला मी मारला, ते माझं मी वाहीन, त्यात तुझा वाटा नको मला. पण तू खोटारडा आहेस, तिमिश. जन्मापासून खोटारडा."